बिळात दोघीच

१

दवाखाना उघडायचा म्हणजे आधी शटर, मग दिवे, मग उपकरणं वाफेवर ठेवायची मशीन, आणि मग मासे. बावीस वर्षांत हा क्रम मी एकदाही मोडला नाही. पावणेनऊला मी वरून खाली येते, शटरला एक लाथ घालते, कारण लाथेशिवाय ते हलतच नाही, आणि आत शिरले की मोठ्यानं म्हणते, "उठा गं बायांनो!" हे माशांना.

दवाखाना दातांचा. डॉक्टर माझी धाकटी बहीण. जग तिला डॉक्टर म्हणतं, मी बारकी म्हणते. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि मी वीस. तिच्या वेण्या मी घातल्या, पाढे मी घेतले, आणि कॉलेजात तिला पहिल्यांदा दातांचा साचा घ्यायचा होता तेव्हा आ करून मीच बसले. तो प्लास्टरचा साचा अजून आतल्या फळीवर आहे. त्यावर तिच्या अक्षरात ‘ताई’ असं लिहिलंय. माझा वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढून बसलाय, तो त्या साच्यात अगदी स्पष्ट दिसतो. "सरळ करूया का गं?" असं बारकी दरवर्षी विचारते. मी म्हणते, राहू दे, तेवढीच माझी ओळख.

लग्न तिनं केलं नाही, मीही नाही. "ताई, आपलं दोघींचं झकास चाललंय की," असं ती एकदा जेवता जेवता म्हणाली होती. तिला ते आठवतही नसेल. मला आठवतं.

ती आत काम करते, मी बाहेर टेबलावर बसते, मध्ये पातळ भिंत. एक पेशंट झाला की ती तोंडात घालायचा छोटा आरसा स्टीलच्या ट्रेवर दोनदा वाजवते. टक टक. मी पेन टेबलावर दोनदा वाजवते. टक टक. ती विचारते, आहेस ना? मी सांगते, आहे गं, आहे. पुढचा पेशंट पाठवायची खूण म्हणून हे सुरू झालं, पण पेशंट नसला तरी आम्ही वाजवतो. दुपारी झोप अनावर झाली की जास्तच वाजवतो.

टाकी बाहेरच्या खोलीत, माझ्या टेबलासमोर. खाऱ्या पाण्याची. तिच्यात दोन मासळ्या, खडूच्या कांडीएवढ्या, पुढून मोतिया रंगाच्या आणि शेपटीकडे लालभडक. प्रवाळाच्या दगडाखाली एक बीळ आहे, त्यात दोघी राहतात. पाठीवर एक लांब तुरा असतो. एक तुरा खालीवर हलवते, मग दुसरी हलवते. दिवसभर हेच. एकीच्या तुऱ्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं आहे. बारकीनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "ही वाकडी म्हणजे ताई. दात वाकडा, बोलणं वाकडं, तुराही वाकडा." आणि दुसरी सरळी म्हणजे ती स्वतः.

टाकी बसवून देणारा माणूस तेव्हा हसला नव्हता. आम्ही त्याला टाकीवाला म्हणतो. तो म्हणाला होता, "ताई, एक सांगून ठेवतो. यांची जोडीच असते. तिसरा टाकायचा नाही."

"का, मारतात?"

"छे. चावत नाहीत, काही करत नाहीत. नुसतं बिळात येऊ देत नाहीत. मग तो वरच्या कोपऱ्यात राहायला लागतो. आणि एक दिवस उडी मारतो बाहेर."

म्हणून झाकणाच्या फटीवर त्यानं जाळी बसवून दिली आणि चार क्लिपा लावल्या. सकाळी मी एक क्लिप काढते, चिमूटभर खाणं टाकते, दोन तोंडं वर आलेली मोजते आणि क्लिप परत लावते. दातांचा दवाखाना आहे, आम्ही तोंडंच मोजतो.

२

माझ्या डाव्या हाताची बोटं थरथरायला लागली हे खरं आहे. आत गर्दी झाली की तोंडातलं पाणी ओढून घेणारी सक्शनची नळी मी धरायचे, आणि एकदा ती सुटून एका आजोबांच्या नाकातोंडात पाणी गेलं हेही खरं आहे. आजोबांनी रुमालानं तोंड पुसलं. बारकी बोलली.

"ताई, तू आता बाहेरच आरामात बस. आत मदतीला कुणीतरी ठेवूया."

"आराम मी मागितला होता का?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी."

माझं भलं सोमवारी आलं. चाळिशीची बाई, एक बॅग, केस मागे घट्ट बांधलेले. कामाला चोख. मला म्हणाली, "नमस्कार, मोठ्या ताई," आणि बारकीला मॅडम म्हणाली. नाव सांगितलं तिनं, पण मी तिला पहिल्या दिवसापासून नवी म्हणते. नवं कधीतरी जुनं होतं किंवा जातं, एवढाच माझा हेतू.

मी खोटं कशाला बोलू? माझ्या पोटात दुखायला लागलं. ती नळी धरायची तर तिचा हात दगडासारखा स्थिर. आजोबा बाहेर येऊन म्हणाले, "नव्या बाईंचा हात काय हलका आहे हो!" मी त्यांना पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची दिली.

तिसऱ्या दिवशी बारकीनं चहा पिता पिता सांगितलं की नवीची राहायची सोय होत नाहीये, तर खोली मिळेपर्यंत आपल्याकडे राहू दे.

"आपल्याकडे कुठे?"

"मागची खोली मोकळीच आहे की."

"त्यात माझी शिवणाची मशीन आहे."

"तू कुठं शिवतेस आता, ताई."

झालं. मशीन गॅलरीत गेली, नवी खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला मी खाली आले, लाथ घातली, दिवे लावले, खाणं टाकलं. बिळातून दोन तोंडं बाहेर आली. आणि वर, डाव्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे, तिसरं.

मी चष्मा पुसला. तिसरं तोंड तिथंच होतं. तुरा पाठीला चिकटवून ती मासळी नळीच्या आडोशाला उभी होती आणि पाण्याबरोबर जरा जरा हलत होती.

३

टाकीवाल्याला फोन केला तर तो चिडलाच. "ताई, मी दोन महिने तिकडे फिरकलेलो नाही! आणि तुम्हाला तिसरा टाकू नका म्हणून मीच सांगितलंय ना?"

"मग आला कुठून?"

"तुमच्या मॅडमनी आणला असेल."

मॅडमनी आणला नव्हता. "पिल्लू झालं असेल गं," बारकी हातमोजे चढवत म्हणाली. पिल्लू! पुरती वाढलेली मासळी होती ती, दोघींच्या मापाची. पण बारकीला वेळ नव्हता. आतून नवी म्हणाली, "मॅडम, भूल चढलीय त्यांना," आणि बारकी आत गेली.

मी म्हटलं, असेल. दगडात एखादी लपून राहिली असेल. जाळीला कुठे भोक नव्हतं, क्लिपा चारही जागच्या जागी होत्या. दवाखान्याची किल्ली आम्हा दोघींकडेच होती. तरी माणसाचं लक्ष चुकतं. मी काही पोलीस नाही आणि मासे मोजून कुणी वेडं होत नाही.

आणि खरं सांगायचं तर ती तिसरी मला आवडायला लागली. म्हणजे तिचे हाल. बिळाजवळ जायची, तर आतून दोघी तुरे हलवायच्या, आणि ती परत वर यायची. कुणी तिला चावलं नाही, कुणी ढकललं नाही. खाणं टाकलं की ती एक कण घ्यायची आणि लगेच कोपऱ्यात जायची. मला मनापासून बरं वाटायचं. टेबलावरून बघत मी मनात म्हणायचे, कळलं का नवे? अशी असते जोडी. ये, अजून ये बिळाजवळ.

वाकडी आणि सरळी मात्र हल्ली बाहेर फार येईनात. आतच असायच्या. अंधारात तुऱ्यांची टोकं तेवढी चमकायची. एक टोक वळलेलं दिसलं की मी समजायचे, आहे, माझी वाकडी आहे.

त्याच आठवड्यात दुपारी बारकीनं आरसा वाजवला. टक टक. मी पेन उचललं. ते टेबलावर टेकायच्या आत आतूनच उत्तर आलं. टक टक.

मी पेन हातात धरून बसून राहिले. मग उठून दारात गेले.

"कुणी वाजवलं?"

नवीच्या हातात दुसरा आरसा होता. "मी. मॅडमनी वाजवला ना."

"ते माझ्यासाठी असतं."

बारकी हसली. "अगं ताई, लहान मुलासारखं काय करतेस? ती शेजारीच उभी आहे, तिनं वाजवलं. काय बिघडलं?"

काही बिघडलं नाही. मी बाहेर येऊन बसले. थोड्या वेळानं मी स्वतःच पेन दोनदा वाजवलं. आत ड्रिल चालू होतं म्हणून तिला ऐकू गेलं नसेल. ड्रिल थांबल्यावर मी परत वाजवलं.

४

महिनाभरात मॅडमचं डॉक्टर झालं आणि डॉक्टरचं बारकी झालं. आधी मला वाटलं माझे कान गेले. नवी वरच्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होती आणि म्हणाली, "बारके, चहात साखर टाकू का?" आणि माझी बहीण, जिला बारकी म्हणायची हिंमत आमच्या मामालाही झाली नाही, ती म्हणाली, "टाक की."

त्या रात्री मी जेवले नाही. कुणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं असेल, मी दार लावून घेतलं होतं.

दवाखान्यात माणसं माझ्या टेबलापाशी यायची आणि आत बघत उभी राहायची. "बोला," मी म्हणायचे. ती आत बघतच राहायची. नवी बाहेर यायची आणि त्यांना तारीख द्यायची, माझ्याच वहीत, माझ्या खांद्यावरून हात पुढे करून. मी म्हणायचे, "मी बसले आहे ना इथे?" आणि ती, "हो हो, मोठ्या ताई," म्हणायची, अगदी हळू. राग यावा असं त्यात काही नव्हतं. मला तरीही आला. हल्ली मी रागावरच जगत होते.

मग ते आजोबा आले. मी दिलेली तारीख उलटून गेल्यावर आले आणि नवीला म्हणाले, "ताई, कवळी टोचतेय हो."

"आजोबा, ताई मी," मी म्हटलं.

त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं. त्यांना तसंही कमी ऐकू येतं.

नवी त्यांच्याकडे बघून हसली, आणि मी पहिल्यांदाच तिचे दात नीट पाहिले. महिनाभर ती तोंड मिटूनच हसायची. वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता. डावीकडचा. माझाही डावीकडचाच.

आता वाकडे दात काय जगात माझेच आहेत? बावीस वर्षांत मी हजारो तोंडं पाहिलीत, त्यात वाकडा दात नसलेलं तोंड शोधावं लागेल. मी हे स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलंही. तरी दुपारी दोघी वर जेवायला गेल्यावर मी आतल्या फळीवरून ‘ताई’ लिहिलेला साचा काढला, बेसिनच्या आरशासमोर उभी राहिले आणि ओठ वर केला.

माझे दात सरळ होते.

मी जीभ फिरवली. बोट फिरवलं. एकही दात दुसऱ्यावर चढलेला नव्हता. रांगेत बसवल्यासारखे सगळे सरळ. साच्यातला दात मात्र तसाच वाकडा होता. मी साचा ओठांशी धरला, आरशात बघितलं, परत धरला. तो माझ्या तोंडाचा साचा नव्हता.

पायऱ्यांवर त्या दोघींचं हसणं ऐकू आलं तेव्हा मी तो घाईघाईनं जागेवर ठेवला. संध्याकाळी बारकीला जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, "दात आपोआप सरळ होतात का गं?"

"वयानं सरकतात," ती वहीतून डोकं वर न काढता म्हणाली. "पुढे, मागे, कुठेही."

बघा, वयानं सरकतात. डॉक्टरच म्हणाली.

५

शनिवारी आम्ही दोन वाजता बंद करतो. त्या शनिवारी बारकी आणि नवी आधी वर गेल्या. आवरायला मी मागे राहिले. म्हणजे मला थांब असं कुणी म्हणालं नाही, पण चल असंही कुणी म्हणालं नाही.

मी टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. तिसरी वर कोपऱ्यातच होती, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, तोंड झाकणाला लागेल इतकी वर. नळीमागे तिचा रंग विटल्यासारखा दिसत होता. खाली बिळात दोन टोकं चमकत होती. हे दोन महिने मी रोज बघत होते आणि मला एकदम वाटलं, पुरे. काय ते एकदाचं होऊन जाऊ दे. इथली तिसरी गेली की वर आमच्या घरातली तिसरीही जाईल. असं काही नसतं हे मला कळतं. मी शिकलेली बाई आहे. पण मला ते हवं होतं, आणि कळणं वेगळं आणि हवं असणं वेगळं.

मला ती मरायला हवी होती. मासळी म्हणतेय मी.

मी खुर्चीवर चढले. कोपऱ्यावरच्या दोन क्लिपा काढल्या आणि जाळी चार बोटं मागे सरकवली. माझा हात अजिबात थरथरला नाही. तिसरी हललीही नाही, नुसती एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. "जा बाई," मी तिला म्हटलं. "कुणी नकोय म्हणतंय तर कशाला राहायचं चिकटून?"

मग दिवे घालवले, शटर ओढलं आणि वर गेले.

६

रविवार मी गॅलरीत काढला. शिवणाच्या मशीनशेजारी एक स्टूल मावतं, त्यावर बसले. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाहीत, नुसते आवाज. एकीनं कपावर चमचा दोनदा वाजवला. दुसरीनं वाजवला. मग दोघी हसल्या.

दुपारी आत गेले तर टेबलावर दोनच ताटं होती.

मी भूक नाही म्हटलं असेन. आठवत नाही, पण म्हटलं असेन, नाहीतर बारकी माझं ताट कशी विसरेल? माझ्या हातचं खाऊन वाढलेली पोर. मी टेबलापाशी उभी राहिले. बारकीनं पाण्याचा जग उचलला, दोन पेले भरले आणि ठेवून दिला.

"बारके," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. नवीकडे बघून.

"काही नाही," नवी म्हणाली. "मी कुठं काय बोलले?"

"मला वाटलं तू हाक मारलीस, ताई."

ताई. तिनं तिला ताई म्हटलं. मी ओरडले असेन, निदान ओरडायला तोंड तरी उघडलं. तोंडाला इतकी कोरड पडली होती की जीभ टाळूला चिकटली. मी आत जाऊन पाणी प्यायले, परत प्यायले, तांब्या संपवला. कोरड जाईना. मग मला तिथं उभं राहवेना, आणि मी परत गॅलरीत कोपऱ्यात जाऊन बसले. तिथं जरा वारा होता.

त्यांच्या घरात, म्हणजे आमच्या घरात, दिवसभर कुणी मला काही लागेल असं बोललं नाही. एक वाकडा शब्द नाही. भांडण झालं असतं तर मी पुरून उरले असते, मला भांडता येतं. पण भांडायला कुणी समोर तर यायला हवं.

मी मनाशी म्हणत होते, उद्या. उद्या पावणेनऊला खाली जायचं, ती तिसरी जमिनीवर पडलेली असेल, उचलून कचऱ्यात टाकायची. मग बघू.

७

पावणेनऊला मी खाली होते. शटर वर कसं केलं ते आठवत नाही. लाथ घातल्याचं तर मुळीच आठवत नाही. दिवा लावला नव्हता, काचेतून येणारा उजेड पुरेसा होता.

ती पडली होती. टाकीचं स्टँड आणि भिंत यांच्यामध्ये, फरशीवर, वाळून कडक झालेली. माझ्या छातीतून इतका मोठा श्वास सुटला की मला हसू आलं. गेली! मी गुडघ्यावर बसले, तिला चिमट्यानं उचललं आणि कापसाच्या बोळ्यावर ठेवलं. शेपटीचा लाल रंग तपकिरी झाला होता. तुरा मात्र वाळल्यामुळे ताठ उभा राहिला होता, पहिल्यांदाच नीट दिसत होता.

त्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं होतं.

मी टाकीकडे बघितलं. बिळाबाहेर दोघी आल्या होत्या, कित्येक दिवसांनी पूर्ण बाहेर, शेजारी शेजारी. एकीनं तुरा हलवला. सरळी. दुसरीनं हलवला. तिच्याही तुऱ्याचं टोक वळलेलं होतं, अगदी तस्संच, पण त्या वळणाचा रंग अजून कोवळा होता, नुकतं वाढल्यासारखा.

दोन महिने मी तोंडं मोजत होते. वर कोपऱ्यात कोण आहे ते एकदाही नीट बघितलं नाही. गरजच वाटली नाही मला. तिसरी कोण, हे मला आधीच माहीत होतं ना!

पायऱ्यांवर पावलं वाजली. बारकी आत आली, दिवे लावले, पर्स माझ्या टेबलावर ठेवली. मागून नवी. "उठा गं बायांनो!" नवी म्हणाली.

"बारके," मी म्हटलं. "बारके, हे बघ. ही बघ कोण आहे." मी कापसाचा बोळा तिच्यापुढे धरला.

ती वाकली आणि माझ्या शेजारून फरशीकडे बघायला लागली. "अगं ताई, इथं ये. एक बाहेर पडलीय बघ."

"अरेरे." नवी आली. "पण दोघी तर आत आहेत."

"ती तिसरी असेल. मागे कुणीतरी म्हणत होतं ना, तिसरी आलीय म्हणून?" बारकीच्या कपाळाला आठी पडली. कोण म्हणत होतं ते ती आठवत होती. मी तिचं तोंड बघत होते. ती आठी मी ओळखते, पाढे म्हणताना सतराच्या पाढ्यावर हीच आठी पडायची. आठव, बारके. आठव ना गं. मग आठी गेली. "जाऊ दे. पण बाहेर आली कशी? जाळी कुणी उघडली?"

"मी," मी म्हटलं. "मी उघडली. माझ्या हातानं."

नवीनं वर बघितलं. माझ्याकडे. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे सरळ, डोळ्यात डोळे घालून बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, विजय नव्हता, काही नव्हतं. टेबलावर बसून रोज मी त्या वरच्या कोपऱ्याकडे बघायचे, तशी ती बघत होती. नाही, मी तरी खूश असायचे. ती नुसती मोजत होती.

"उघडी राहिली असेल," ती म्हणाली.

बारकी आत गेली. नळाचं पाणी वाजलं, ट्रे वाजला. मग आरसा. टक टक.

पेन माझ्या हातात होतं. मी ते टेबलावर आपटलं. दोनदा, मग चारदा, मग जीव खाऊन आपटत राहिले. लाकडावर पेन लागताना मला दिसत होतं, आवाज मात्र येत नव्हता.

आत शांतता होती. मग परत, जरा काळजीनं, टक टक. आहेस ना?

नवी माझ्या खुर्चीत बसली. वहीवरचं दुसरं पेन उचललं आणि दोनदा वाजवलं.

"आहे गं, आहे," ती म्हणाली.

आतून बारकीचं हसणं ऐकू आलं, लहानपणी वेणी ओढली की हसायची तसं. मग नवी उठली, खुर्ची टाकीपाशी ओढली, तिच्यावर चढली आणि जाळी सरकवून जागेवर बसवली. एक क्लिप लावली. दुसरी लावली. खाली काचेत दोघी शेजारी शेजारी तुरे हलवत होत्या, आणि मी इकडे, फरशीवर, तोंड उघडून उभी होते. तोंडाला नुसती कोरड पडली होती.